तट्टू घ्यावं तर म्हातारंच

गेल्या ज्येष्ठात, रोवण्याची धांदल सुरू व्हायच्या आधी, आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या पोरीसाठी वीस वर्षांचं तट्टू विकत घेतलं. सिंदेवाही हे धानाचं गाव. इथं दावणीला बैल असतो, म्हैस असते. घोडा दिसतो तो नवरदेवाखाली. त्यामुळं ही बातमी दिवस मावळायच्या आत लोनवाहीपर्यंत पोचली. शेजारचे काका कुंपणाशी आले. तट्टाची खोल गेलेली पाठ आणि जाड झालेले गुडघे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कायले घेतलं गा हे? दूध नाई, नांगर नाई." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "आन् म्हातारं हाये."

शहाणपणाला जे काही सांगायचं होतं ते काकांनी तेवढ्यात सांगून टाकलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. हा व्यवहार वेडेपणाचा आहे हे मला तेव्हाही मान्य होतं, आजही आहे. पण काही वेडेपणे माणसानं विचार करून, डोळे उघडे ठेवून, हौसेनं करावेत. लेकरासाठी म्हातारं तट्टू घेणं हा त्यांतला पहिल्या प्रतीचा वेडेपणा आहे, आणि त्याची स्तुती करायला मी बसलो आहे.

या वेडाचं मूळ चिमुरात आहे. माघ महिन्यात तिथं बालाजीची घोडायात्रा भरते. देव लाकडी घोड्यावर बसून रात्री गावातून निघतो आणि पंचक्रोशीतली माणसं दर्शनाला लोटतात. चिमूर तालुका आम्हाला लागूनच, त्यामुळं दर साली आमच्या आळीतून कुणी ना कुणी जातंच. त्या ज्येष्ठाआधीच्या माघात आम्हीही गेलो होतो. त्या रात्री पोरगी माझ्या खांद्यावर होती. दिव्यांच्या उजेडात तो घोडा माणसांच्या डोक्यांवरून डुलत पुढं आला तेव्हा तिनं माझे केस मुठीत धरले. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. अंथरुणावर पडल्यावर विचारलं, "बाबा, देवाचा घोडा लाकडाचा हाये, मंग खऱ्या घोड्यावर कोन बसते?"

मला उत्तर देता आलं नाही. घोडा आमच्याकडं नावात आहे, देवात आहे, लाकडात आहे. ज्या तलावाच्या कालव्यावर आमच्या तालुक्यातलं धान पिकतं त्याचं नाव घोडाझरी. 2018 साली तलावाभोवतीच्या रानाचं अभयारण्य झालं, तेही घोड्याच्याच नावानं. गोंडीत घोड्याला कोडा म्हणतात, आणि कोडापेन हा घोड्याचा देव गोंड समाजानं पिढ्यान् पिढ्या मानला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली लेकरं चाकांचे लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर जातात. म्हणजे मुलाच्या हाती जनावराची दोरी द्यावी, ही समज आमच्या मातीत आहेच. पण ते जनावर लाकडाचं, ज्याला भूक लागत नाही आणि जे शेणही टाकत नाही. पोरीनं खऱ्याची मागणी केली. माघापासून ज्येष्ठापर्यंत ती मागणी हलली नाही, तेव्हा घरानं ती मनावर घेतली.

मग सल्ले आले, आणि बहुतेक सल्ल्यांचा रोख एकच होता: शिंगरू घ्या. लहान पोर, लहान घोडं, दोघं संगं वाढतील. ऐकायला हे फार गोड वाटतं. एका नातेवाइकानं तर थेट सारंगखेड्याचं नाव काढलं. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तो घोड्यांचा बाजार राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथं देखण्या जनावराचे भाव लाखांत जातात. माझ्या मते लेकराला शिंगरू घेऊन देण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही, आणि ही चूक शहाणी माणसं करतात म्हणून तिच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे.

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं, फक्त नाकासमोरची चिंचोळी जागा आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. दिसलं नाही की तो आधी पळतो आणि मग बघतो. हा स्वभाव जात नाही. मात्र वर्षं जातात तशी त्याला खात्री पटत जाते की प्लास्टिकची पिशवी खात नाही, मोटारसायकल चावत नाही, छत्री उघडली तर जग बुडत नाही. शिंगराला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते बिचकतं, त्याला पाहून पोर बिचकतं, पोराचे पाय आवळले की शिंगरू आणखी बिचकतं. दोघं एकमेकांना भीती शिकवत बसतात. शिवाय घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. तीन-चार वर्षांआधी त्यावर बसूच नये. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला आज शिंगरू दिलं, तर ती तेरा वर्षांची होईपर्यंत त्याच्याकडं नुसती पाहणार, आणि नंतर कुणीतरी जाणता माणूस ते शिकवून तयार करणार. असा जाणता माणूस सिंदेवाहीत नाही.

आमचं तट्टू वरातीतलं. वीस वर्षांपैकी बहुतेक लग्नसराया त्यानं नवरदेव वाहिले. कानाशी ढोल, पायाशी फटाक्यांच्या लडी, पुढं डीजेची गाडी, आजूबाजूला नाचणारी पोरं, वर जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला माणूस. ज्यानं हे सगळं सोसून कुणालाही खाली पाडलं नाही, त्याला माझी पोरगी काय घाबरवणार? चातुर्मासात लग्नं नसतात, आणि कमाई नसताना जनावर पोसायचं तर पोटाला चिमटा बसतो. मालकाकडं दुसरी तरणी घोडी आली होती. म्हणून ज्येष्ठाच्या शेवटी हे तट्टू एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळालं. मालकाला मी दोष देत नाही. सोडताना त्यानं तट्टाच्या कपाळावरून हात फिरवला आणि मागं वळून न पाहता गेला.

जनावर पाहायला गेलो तेव्हा बरोबरच्या माणसांनी आधी भोवरे पाहिले. कपाळावर कुठला, छातीवर कुठला, कुठला धन्याला लाभतो, कुठला बुडवतो. एक जण हळहळला की चारही पाय आणि तोंड पांढरं असतं तर पंचकल्याणी ठरलं असतं. केसांच्या वळणांत धन्याचं नशीब नसतं. जनावराचं वय आणि तब्येत मात्र त्याच्या तोंडात लिहिलेली असते. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पुढचे दुधाचे दात जोडीजोडीनं पडून पक्के येतात. पाचव्या वर्षी तोंड भरतं. दहाच्या सुमारास वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी बारीक काळपट खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. आमच्या तट्टाची खाच टोकाला पोचली होती आणि दात पुढं झुकले होते. मालकानं बारा वर्षं सांगितली होती. मी दात दाखवले, तेव्हा तो हसला आणि खरं वय सांगितलं. त्या क्षणी बरोबरच्या माणसांनी मला कोपरानं ढोसलं, की चला आता. मी मात्र तेव्हाच ठरवलं की घ्यायचं.

तोंडात आणखी काही दिसलं. ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांचे पांढरे व्रण होते. काटेरी लगामाचे. ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून 1965 साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत असल्या काटेरी लगामाला मनाई आहे. तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझं लादू नये, असंही त्यांतच लिहिलं आहे. सत्तर किलोच्या आतला नवरदेव तरी किती जणांनी पाहिला असेल? मालक तो लगाम सामानात देत होता. आम्ही तो घेतला नाही. आज पोरगी तट्टाला नुसत्या मोरखीवर फिरवते, आणि तिच्या दोन बोटांच्या ओढीवर ते वळतं.

इथं मराठी भाषेबद्दलची माझी तक्रार मांडतो. तट्टू म्हटलं की आपल्या भाषेत सगळे हिणकस शब्द गोळा होतात. पैशासाठी बाजू घेणारा तो भाड्याचं तट्टू. हट्टी माणूस अडेलतट्टू. कुचकामी गोष्टींची गर्दी ती खोगीरभरती. ज्या भाषेचं राज्य या जनावरांच्या पाठीवर उभं राहिलं, तिनं असं बोलावं हे मला लागतं. मराठ्यांची फौज उंचपुऱ्या अरबी घोड्यांवर नव्हे, भीमेच्या खोऱ्यातल्या बुटक्या, काटक तट्टांवर दौडली. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी ही जनावरं डोंगरवाटांना बुजत नसत. भीमथडीची ही जात धनगरांनी आपल्या मेंढरांच्या मागं, बिऱ्हाड लादून, आजवर जगवली. अलीकडं तिची देशी जातींत रीतसर नोंदही झाली. आमचं तट्टू त्या जातीचं आहे असा दावा मी करणार नाही. त्याची उंची 48 इंच. 58 इंचांच्या आतलं ते तट्टू, वरचा तो घोडा, अशी ढोबळ वाटणी जगभर मानतात. पण शब्द जो आहे तो त्याचाही आहे, आणि तो मानाचा असायला हवा.

अडेलतट्टूपणाचंच घ्या. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोरगी वर बसली आणि तट्टू हलेना. तिनं टाचा मारल्या, चुचकारलं, शेवटी रडायला आली. शेजारची पोरं म्हणाली, काठी दे. मी काठी दिली नाही, तिला खाली उतरायला सांगितलं. तिनं खोगिराचा तंग सैल केला आणि खाली हात घातला, तर कुसळ्यांचा एक झुपका तंगाखाली कातडीत रुतला होता. तिनं तो काढला, जागा चोळली, तंग पुन्हा आवळला. तट्टू चालू लागलं. जनावर अडलं की आधी त्याचं काय दुखतंय ते पाहायचं, हा धडा मी बाप म्हणून शंभर वेळा बोलून शिकवू शकलो नसतो. तरणा घोडा अशा वेळी उधळतो. म्हातारा थांबतो. लेकरासाठी यातला कुठला बरा, हे वेगळं सांगायला नको.

आता चाऱ्याचं. इथं म्हाताऱ्या तट्टाचा वेडेपणा खरोखर महाग पडतो, आणि आमच्या भागात त्याला खास अडचणी आहेत. आमच्याकडं सगळ्यात जास्त काय, तर धानाचं तणस. पहिल्या आठवड्यात तेच टाकलं. तट्टू घास घ्यायचं, बराच वेळ चघळायचं आणि ओला गोळा करून खाली टाकायचं. सकाळी कोठ्यात असे सात-आठ गोळे पडलेले. बैलासारखं रवंथ घोड्याला येत नाही. जे चावायचं ते एकदाच, आणि नीट. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर येत राहतात आणि जन्मभर झिजतात. म्हातारपणी ते वाकडेतिकडे झिजून कडेला धार येते, गाल सोलतात, चावणं होत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचा दिवस बैल-म्हशींत जातो, घोडं क्वचित. त्यांनी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या वर्गमित्राला फोन लावला, मग लांब कानशीनं एकेक दात घासून धार काढली. तट्टू डोळे मिटून उभं होतं आणि पोरीनं त्याची मोरखी धरली होती.

तणसाला दुसरा पर्याय म्हणून मिलचा कोंडा सुचला. सिंदेवाही-मूल पट्ट्यात राइस मिल काय कमी आहेत! कोंडा स्वस्त, मऊ, दात नसलेल्यालाही खाता येतो. पण नुसत्या कोंड्यावर घोडा ठेवला तर त्याची हाडं जातात. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी कमी. शरीर मग तो चुना स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, जबड्याची हाडं पोकळ होऊन सुजतात, पाय लंगडतात. युरोपात पूर्वी पीठगिरण्यांवरच्या घोड्यांना हा आजार व्हायचा, म्हणून तो गिरणीवाल्यांच्या नावानंच ओळखला गेला. याहून मोठा धोका लाखोरीचा. धान कापायच्या आधी बांधीतल्या ओलीवर आम्ही लाखोरी फेकतो आणि जनावरांना तिचा पाला-भुसा घालतो. लाखोरी सतत आणि जास्त खाल्ली तर माणसाचेही पाय जातात, म्हणून 1961 साली देशात तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली होती. घोडा तर तिला फारच लवकर बळी पडतो. मागचे पाय लुळे होतात, घशातल्या नसा जातात, आणि चार पावलं पळालं तरी श्वासाला शिट्टी लागते. बैलाला जे चालतं ते घोड्याला चालत नाही, ही गोष्ट बैलांच्या मुलखात घराघरांत सांगावी लागते. नाहीतर मायेनं घातलेला घासच जनावराचा घात करतो.

शेवटी जे बसलं ते असं. ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी पाण्यात भिजवून, बांधावरचं कोवळं गवत, रात्री भिजत घातलेले हरभरे, चिमूटभर मीठ. दोनशे किलोच्या आसपासच्या तट्टाला दिवसाला चार-पाच किलो सुका चारा लागतो, पण एकदम घालून चालत नाही. त्याचं पोट अंगाच्या मानानं लहान असतं आणि घोड्याला ओकारी येत नाही. जे आत गेलं ते पुढंच जाणार. बुरसटलेलं काही गेलं तर पोटशूळ, आणि पोटशुळानं चांगलं घोडं रात्रीत मरतं. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. ही चंदी तोबऱ्यात घालायचं काम पोरीचं. शाळेच्या आधी, शाळेनंतर, झोपायच्या आधी. तिच्या आईला वाटलं होतं, आठवड्यात कंटाळेल. आज चार महिने झाले.

वाघाचं काय, असं सगळेच विचारतात. ब्रह्मपुरी वनविभागातल्या माणसाला वाघाची गोष्ट सांगावी लागत नाही. सरपणाला गेलेली, मोहाला गेलेली, ढोरं चारायला गेलेली माणसं आम्ही गमावली आहेत. "वाघाले नेवता देऊन ठेवला," असं एक मावशी म्हणाल्या. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही खरेच हवेत. आम्ही सांदवाडीतला कोठा पाडून घराला चिकटून नवा बांधला. भिंत पक्की, वर जाळी, लोखंडी दार, बाहेर दिवा. सूर्य वर आल्याशिवाय आणि कलल्यावर खोगीर चढत नाही. फिरवायचं ते गावातल्या मोकळ्या मैदानावर, रानाच्या कडेनं नाही, कालव्याच्या वाटेनं नाही. पोरीला हे नियम पाठ आहेत. उन्हाळ्याचेही आहेत, कारण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा 47 अंशांवर जातो आणि म्हाताऱ्या जनावराला तो झेपत नाही. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माशा सर्रा नावाचा आजार पसरवतात; घोडा त्यात झिजत झिजत मरतो, म्हणून संध्याकाळी कडुलिंबाचा धूर. धनुर्वाताची लस. विकत घेण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी, कारण तो रोग माणसालाही होतो आणि त्यावर जनावराला दयामरण देण्यावाचून इलाज नाही. कुणी घेणार असेल तर त्यानं भोवऱ्यांऐवजी याचा कागद मागावा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढा खर्च आणि एवढी यातायात, आणि विकायला गेलं तर चार आणे येणार नाहीत. बरोबर आहे. गाडी घेतली तरी विकताना काही हाती लागतं, बैल म्हातारा होईपर्यंत मेहनत देतो. हे तट्टू ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीच त्याची किंमत शून्य झाली. मला त्यात या व्यवहाराची सगळ्यात मोठी चांगली बाजू दिसते. तरणं, महागडं घोडं घेतलं असतं, तर पोरगी मोठी झाली की ते विकून तिला उंच घोडा घ्यायचा विचार आला असता. तिनं शिकलं असतं की जनावर म्हणजे पायरी, वर चढलं की सोडून द्यायची. माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथं आणि महाबळेश्वरला हजारो मुलं दरवर्षी घोड्यावर बसतात. दहा मिनिटं, एक फोटो, खाली उतरलं की संपलं. त्यात काही वाईट नाही. अश्वपालांची घरं त्यावर चालतात. पण ज्या तट्टाला विकताच येत नाही, ते तुमचं राहतं. आणि तुम्ही त्याचे राहता.

राहिला शेवटचा आक्षेप, जो माझ्या आईनं घेतला आणि ज्यानं मला दोन रात्री झोप आली नाही. "पोरीले लळा लागन आन् ते मरन." घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं; तट्टं त्याहून थोडी चिवट. इंग्लंडात ओल्ड बिली नावाचा नावा ओढणारा घोडा 62 वर्षांचा होऊन 1822 साली मेला, पण तो जगाच्या इतिहासात एकच. जुने लेखक सांगतात त्याप्रमाणे अलेक्झांडरचा ब्युसेफॅलस तिशीत होता, जेव्हा तो इसवी सनापूर्वी 326 साली झेलमकाठी मेला. अलेक्झांडरनं तिथं त्याच्या नावाचं नगर वसवलं. पोरगी दहावीला बसेल तेव्हा आमच्या कोठ्यात तट्टू बहुतेक नसेल. हे मी तिच्यापासून लपवलेलं नाही. आधीच सांगितलं, कोठ्याच्या दाराशी बसून, दात दाखवून, खाच दाखवून. तिनं बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "म्हंजे पाच वर्सं?" मी म्हणालो, कदाचित पाच, कदाचित आठ, कदाचित दोन. ती म्हणाली, "चालते."

मरण येईल म्हणून लळा लावायचा नाही, असा नियम केला तर लेकरांना आबाजींच्या मांडीवरही बसू देऊ नये. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तट्टासारखेच त्यांचे गुडघे जाड झालेत, सकाळी उठताना दोघांनाही वेळ लागतो. त्यांनी जन्मभर बैल राखले. घोड्याला आधी त्यांचाही विरोध होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद लावून चोळतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. त्या संध्याकाळी आबाजी वाटी घेऊन कोठ्यात गेले. तट्टाच्या खांद्यावर जू कधी नव्हतं. त्यांनी हात फिरवत फिरवत ती जागा शोधली जिथं इतकी वर्षं खोगीर बसलं होतं, पाठीच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, जिथले केस पांढरे होऊन उगवले आहेत. पोरीचा हात धरून तिथं लोणी लावलं. "इतंच रायते त्याचं वझं," एवढंच ते म्हणाले.

कुणी घ्यावं, हे मला नेमकं सांगता येतं. ज्याच्याकडं पक्का कोठा आहे, कडब्याची सोय आहे, घरात एक तरी मोठं माणूस आहे जे पोर आजारी असताना पहाटे उठेल, आणि ज्याला शेवटपर्यंत ठेवायची तयारी आहे, त्यानं घ्यावं. लंगडणारं घेऊ नये, त्याच्यावर दया म्हणून घ्यायचं तर पोराला वर बसवू नये. पोर आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त होत असेल तर बसवू नये. आमची पोरगी 26 किलोंची. अजून काही वर्षं ती तट्टाला जड होणार नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी ती खाली उतरून त्याच्या बाजूनं चालेल, हे तिनं आधीच ठरवलंय. ज्याच्याकडं यातलं काही नाही, त्यानं लेकराला चिमूरला न्यावं, लाकडी घोडा दाखवावा, त्यातही खूप आहे.

काका आता रोज संध्याकाळी कुंपणाशी येतात. पहिले काही दिवस रिकाम्या हातांनी यायचे, आता बांधावरच्या गवताची पेंडी घेऊन येतात. दूध नाही, नांगर नाही, हे त्यांनी परत म्हटलं नाही.

पोरीनं शाळेच्या जुन्या वहीत एक पान आखलंय. दात घासल्यापासून रोज सकाळी ती कोठ्यात जाते, लीद काढायच्या आधी वाकून जमीन पाहते, आणि तट्टानं न गिळता टाकलेले चाऱ्याचे गोळे मोजून लिहिते. पहिल्या ओळीत आठ आहेत. मग सहा, सहा, पाच. मधे पाऊस लागला तेव्हा पुन्हा सात. काल तीन होते. आज सकाळी ती धावत स्वयंपाकघरात आली, हात लिदीनं माखलेले, आणि आईला म्हणाली, "माय, आज एकच."